पाण्यात उरलेले लाल कडे

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे. जुनी छत्री, जुने घड्याळ, जुनी खुर्ची अशी मंडळी आपली कहाणी सांगायला बसली की आवाज मऊ करतात. मला ते जमत नाही. माझे शटर तुटले आहे, माझ्या पकडीचे रबर चिकट झाले आहे, आणि ज्याच्यामुळे हे झाले तो माणूस माझ्यासमोर खुर्चीत बसून लोकांच्या चेहऱ्यांवरचे डाग पुसतो आहे. मला त्याच्याकडे बघत बसावे लागते, कारण माझे तोंडच त्या बाजूला करून ठेवले आहे.

माझा जन्म एका लांबलचक, धूळ नसलेल्या खोलीत झाला. तिथे सगळे डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या कपड्यांत असत आणि शिंक आली तर दाराकडे पळत. एका बाईने चिमट्याने माझा आरसा बसवला, स्क्रू आवळले आणि मला तपासण्यासाठी माझ्यासमोर एक करडा पुठ्ठा धरला. मी जगात पाहिलेली पहिली गोष्ट म्हणजे तो करडा पुठ्ठा. तो माझ्या डोक्यात असा काही बसला की अजून निघालेला नाही.

हा माझा जन्मजात दोष आहे, तो लपवून काय करू? मला सगळे जग त्या पुठ्ठ्याइतकेच उजळ असावे असे वाटते. काळ्याभोर पाण्यात एखादा पांढरा पक्षी उभा असला, की मला पाणीच जास्त दिसते. मी म्हणतो, अरे, अंधार आहे! मी घाईघाईने उजेड जास्त घेतो, आणि पक्ष्याची पिसे जळून नुसते पांढरे भोक उरते. उलट लख्ख आभाळासमोर कावळा बसला तर मी उजेड कमी करतो आणि कावळ्याचा कोळसा होतो. अंधारात दडलेले थोडेफार नंतर वर काढता येते. जळून गेलेले पांढरे मात्र कोणाच्या बापाला परत आणता येत नाही. म्हणून माझ्यामागे एक विचार करणारा माणूस लागतो.

असा माणूस मला मिळाला होता. सगळे त्यांना मामा म्हणत, म्हणून मीही म्हणतो. ते तलावावरच्या पंपघरात कामाला होते. गावाचे पाणी त्यांच्या हाताने चालू होई आणि त्यांच्याच हाताने बंद होई. पंप चालू करून झाला की पुढचे चार तास काट्याकडे बघत बसायचे, एवढेच काम. काट्यापेक्षा पक्षी बरे, असे म्हणून त्यांनी मला आणि माझी लांब भिंग असलेली नळी घरी आणली.

पहिले वर्षभर मामांनी माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवला आणि मी त्यांचे शेकडो बगळे जाळले. मामी फोटो बघायला बसत. हातात काहीतरी शिवण असायचे आणि जिभेवर धार.

"अहो, हा बगळा आहे की भिंतीवरचा उडालेला चुना?"

"बगळा आहे. चोच दिसत नाही का?"

"चोच दिसतेय. बगळा कुठे गेला, ते विचारतेय."

मामा चिडले नाहीत. त्यांनी एक शंभर पानी वही घेतली आणि प्रत्येक फोटोपुढे लिहायला लागले: पाणी काळे होते की चमकत होते, ऊन कुठल्या बाजूला होते, पक्षी केवढा दिसत होता, माझे चाक किती खटके फिरवले. माझ्या अंगठ्यापाशी एक चाक आहे. ते एक खटका खाली फिरवले की मी उजेड थोडा कमी घेतो, वर फिरवले की थोडा जास्त. सहा महिन्यांनी त्या वहीतून एक ओळ निघाली. मामांनी ती चिठ्ठीवर लिहून माझ्या पिशवीच्या झाकणाला आतून चिकटवली: काळ्या पाण्यात पांढऱ्याला तीन खटके खाली, आभाळात काळ्याला तीन वर, आणि लुकलुक बघ.

लुकलुक हा मामींचा शब्द. फोटोत जिथे पांढरे जळते, तेवढा भाग माझ्या मागच्या पडद्यावर लुकलुकतो. मामी लांबूनच ओरडून विचारायच्या, "लुकलुकतंय का?" आणि मामा एक खटका आणखी खाली घ्यायचे. त्या तीन खटक्यांत माझ्या स्वभावाला औषध मिळाले. बगळ्याच्या पाठीवरचे एकेक पीस दिसायला लागले. पंपघराच्या भिंतीवर आमचे बारा फोटो लागले आणि पाणीखात्याचे साहेब मीटर तपासायला आले की आधी ते बघत. मला तेव्हा वाटायचे, आपल्यासारखे भाग्यवान यंत्र नाही.

संगणकावर फोटो सुधारायचे कामही मामा करत, पण मामींच्या देखरेखीखाली. सावली जरा उजळायची, वाकडे पाणी सरळ करायचे, कडेचा फापटपसारा कापायचा. यापुढे गेले की मामी विचारत, "आता पक्षी ओळखेल का स्वतःला?" एकदा मामांनी एका राखी बगळ्यासमोरची आडवी फांदी पुसून टाकली. मामींनी शिवण खाली ठेवले. "तो बिचारा त्या फांदीमागे लपला होता. तुम्ही त्याला उघडा पाडलात." मामांनी हसत हसत फांदी परत आणली. तिथून पुढे आमच्या घरात काही पुसले गेले नाही.

आता त्या दिवसाकडे येतो. तलावात मधोमध एक बेट होते आणि त्यावरच्या झाडांवर चमचे घरटी करत. चमचा म्हणजे पांढराशुभ्र, लांब काळ्या पायांचा पक्षी, चोच अगदी वाढायच्या पळीसारखी. पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई दर वर्षी येत. त्यांना आम्ही पक्षीबाई म्हणायचो. त्या वर्षी त्यांनी पिल्लांच्या पायांत प्लास्टिकची लाल कडी घातली. कड्यावर पांढऱ्या रंगात एक अक्षर आणि दोन आकडे. पक्षी पुढे कुठे दिसला तर लांबून ते वाचायचे आणि पक्षीबाईंना कळवायचे, म्हणजे तो कुठवर गेला, किती जगला, ते समजते. लाल कडी फक्त त्या एका सकाळी घातली गेली. पुढच्या वर्षी रंग बदलला.

अकरा पिल्ले होती. दहा झाल्यावर पक्षीबाई मामींना म्हणाल्या, "शेवटचं तुम्ही घाला."

"मी? माझा तर चष्मापण घरी राहिलाय."

"घाला हो. पाय तेवढा हलक्या हाताने धरा."

मामा पिल्लाचे पंख दोन्ही हातांनी धरून बसले होते आणि मी त्यांच्या गळ्यात लटकलो होतो, त्यामुळे त्या क्षणाचा फोटो नाही. मामींनी कडे उघडले, पायात अडकवले आणि बोटाने दाबून बंद केले. मग पक्षीबाईंनी वाकून पाहिले आणि कपाळाला हात लावला. कडे उलटे बसले होते. अक्षर खाली डोके वर पाय. आता काढायला गेले तर पिल्लाचा पाय दुखावणार.

"राहू दे," पक्षीबाई म्हणाल्या. "वहीत मी नुसता नंबर लिहिते. उलटं घातलं म्हणून लिहिलं तर वरिष्ठांकडून मलाच चार शब्द ऐकावे लागतील. आपल्या तिघांतच ठेवू."

मामी इतक्या हसल्या की पिल्लू घाबरून त्यांच्या मांडीवर घाण करून बसले. तिघांतच ठेवू म्हणाल्या, पण मी चौथा होतो. मला कोण मोजतो?

पुढच्याच हिवाळ्यात मामी गेल्या. आजार तीन आठवड्यांचा झाला. त्याबद्दल मी जास्त सांगणार नाही.

त्यानंतरच्या नऊ वर्षांत पक्षीबाईंकडून मामांना अधूनमधून पत्र येई. या तलावावर अमुक कडे दिसले, त्या खाडीवर तमुक. दहाच्या दहा लाल कडी कुठे ना कुठे कोणी ना कोणी वाचली. मामींनी घातलेले अकरावे कोणालाच दिसले नाही. मामा निवृत्त झाले, तरी चमचे आले की रोज सकाळी मला घेऊन बांधावर जायचे आणि पाय बघत बसायचे. नुसते पाय. माझ्या पोटातून त्या वर्षांत चमच्यांचे जेवढे पाय गेले असतील तेवढे कोणत्याच कॅमेऱ्यातून गेले नसतील. ते कोणाला काही बोलत नसत, पण मला ठाऊक होते त्यांना काय हवे आहे. मामींच्या हातचे काहीतरी अजून उडते आहे की नाही, एवढेच त्यांना कळायला हवे होते.

मग त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. बाजूचे दिसेना, मग मधलेही धुरकट झाले. त्यांनी आपली दुर्बीण पक्षीबाईंना देऊन टाकली आणि मला दिले आपल्या भाच्याला. इथून माझा राग सुरू होतो.

हा भाचा म्हणजे मामांच्या बहिणीचा मुलगा, वय छत्तीस, धंदा लग्नाच्या अल्बमचा. मोठ्या रस्त्यावर त्याचे दुकान आहे. दिवसभर तो नवरीच्या गालावरची पुटकुळी, सासऱ्याच्या कपाळावरची आठी, मागे जांभई देणारा पाहुणा असे सगळे माऊसने पुसत असतो. त्याचा हात इतका सराईत झाला आहे की त्याला डाग दिसला की हात आपोआप चालतो, डोके लागत नाही. एकदा त्याने स्वतःच्या आईच्या फोटोतला हनुवटीवरचा तीळ पुसला होता. माउली फोटो बघून म्हणाली, "ही बाई कोण?" त्याला वाटले आई थट्टा करते आहे.

त्याने मला हातात घेतले आणि पहिल्याच दिवशी पिशवीच्या झाकणातली चिठ्ठी ओढून काढून तिच्यात तोंडातले च्युइंग गम गुंडाळून बोळा पिशवीतच टाकला. सहा महिन्यांच्या वहीतून निघालेली ओळ होती ती! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चाकाला त्याने कधी बोट लावले नाही. माझ्यावरचे सगळे माझ्यावरच सोडले, आणि मी काय करतो ते तुम्हाला आता माहीत आहे. पक्षी जळत होते, पडदा लुकलुकत होता, आणि हा म्हणायचा, "नंतर करू एडिटिंगमध्ये." हे तीन शब्द मी इतक्या वेळा ऐकले आहेत की आजही कोणी म्हटले तर माझ्या डोक्यात तिडीक जाते. नंतर काय करशील रे? जे मी घेतलेच नाही ते तू कुठून आणशील?

दुसरी खोड म्हणजे बटण दाबून धरायची. एका सेकंदात दहा फोटो. पक्षी चोच खाजवतोय, तीनशे फोटो. पक्षी काहीच करत नाही, तीनशे फोटो. मित्रांनो, शटर म्हणजे आमचा श्वास, आणि ते ठरावीक वेळाच उघडते. मामांनी बारा वर्षांत जेवढे वापरले नव्हते, तेवढे याने पाच महिन्यांत उधळले. आणि माझ्या खिडकीला डोळा लावणे तर त्याला कमीपणाचे वाटे. हात लांब करून मागच्या पडद्यावर बघायचे, तेही धड नाही.

तो तलावावर निघाला त्या दिवशी मामांनी त्याला खुर्चीतूनच हाक मारली. मी पिशवीत होतो, मी स्पष्ट ऐकले.

"चमचे आलेत म्हणतात. त्यांचे पाय बघशील का? लाल कडं दिसलं तर त्याच्यावरची अक्षरं मला सांग. बाकी काही नको मला."

"हो हो मामा, बघतो," असे म्हणत तो फोनवर अंगठा फिरवत होता. गावच्या वाचनालयाने पक्षीछायाचित्रांची स्पर्धा ठेवली होती आणि तो तिचे नियम वाचत होता. त्याच्या एका कानातून मामांचे शब्द गेले आणि दुसऱ्यातून बाहेर पडले.

तलावावर सतरा चमचे होते. तो दाबत सुटला. ऊन कडक होते, पाणी काळे होते, आणि मी आपल्या मूर्ख स्वभावाप्रमाणे एकामागून एक पक्षी जाळत होतो. मग सूर्यासमोर एक ढग आला. अर्धे मिनिट उजेड मऊ झाला, आणि त्या अर्ध्या मिनिटात एक चमचा पाण्याबाहेर पाय उचलून आमच्याकडे वळला. त्याच्या गुडघ्याच्या वर लाल कडे होते. तेवढ्या एका फोटोत पिसे शाबूत होती, कडे शाबूत होते आणि त्यावरची अक्षरे स्वच्छ उमटली होती. मी ती वाचली. इतक्या वर्षांत मला एवढा आनंद कधी झाला नव्हता. काय अक्षरे होती, ते आत्ता विचारू नका. मामांच्या आधी तुम्हाला का सांगू?

दुकानात येऊन त्याने नेमका तोच फोटो निवडला. डोळा आहे त्याला, मी नाही म्हणत नाही. मग बाह्या सावरल्या. राखी आभाळ काढून केशरी लावले. पिसांना इतकी धार आणली की पक्षी पत्र्याचा वाटायला लागला. आणि मग त्याने पाय मोठा करून पाहिला. मी टेबलावर होतो. मला वाटले, आता वाचेल. तो स्वतःशीच म्हणाला, "च्यायला, प्लास्टिक अडकलंय," आणि दोन झटक्यांत कडे पुसून टाकले. वर पायाचाच दुसरीकडचा मोकळा तुकडा उचलून तिथे डकवला.

मी ओरडलो. माझ्या आवाजाला काय किंमत? त्याने फोटो होता त्या फाइलवरच नवा साठवला, कारण दोन दोन ठेवले की जागा अडते. माझे कार्ड रिकामे केले आणि दुसऱ्या दिवशी त्याच कार्डावर एका लग्नाचे अडीच हजार फोटो काढले. मामींच्या कड्यावर कोणाच्या तरी काकाचा नाच जाऊन बसला.

त्या फोटोला पहिले बक्षीस मिळाले. वाचनालयाच्या सभागृहात तो दाराएवढा करून लावला होता. भाचा नवा शर्ट घालून मला गळ्यात अडकवून उभा होता. त्याची आई मामांचा हात धरून त्यांना घेऊन आली. मामांनी खिशातून भिंग काढले आणि ते फोटोला नाक लावून बघायला लागले. वितीवितीने. लोक हसत बाजूला झाले. आधी पंख, मग मान, मग पाय. पाय स्वच्छ होते. मामा आणखी खाली वाकले. पक्ष्याच्या पायाखाली पाणी होते आणि पाण्यात त्याचे प्रतिबिंब. तिथे मामा थांबले. बराच वेळ भिंग तिथेच राहिले.

"हे लाल काय आहे?" त्यांनी विचारले.

भाचा पुढे झाला. प्रतिबिंबात, हलत्या पाण्यात, काळ्या पायावर बोटाच्या पेराएवढा लाल ठिपका होता. पायावरचे पुसताना हा गडी पाण्यातले पुसायला विसरला होता.

"अरे, राहिलं वाटतं," तो म्हणाला. "पायाला कचरा अडकला होता मामा. प्लास्टिक. काढून टाकलं मी."

"कचरा."

"हो, म्हणजे लालसर काहीतरी..."

"त्याच्यावर अक्षरं होती. काय होती?"

तेव्हा कुठे भाच्याला खुर्चीतून आलेली ती हाक आठवली असावी. "मी... मी वाचली नाहीत. मूळ फोटो दाखवतो ना," असे म्हणता म्हणता त्याला कळले की मूळ फोटो नाही. कार्ड नाही. काहीच नाही.

मामा मोठ्याने बोलणाऱ्यांतले नव्हते, पण त्या दिवशी सगळ्या सभागृहाला ऐकू गेले. "नऊ वर्षं मी ते बघायला बांधावर बसलो. तुला मिळालं, आणि तू ते पुसलंस? आणि वर टाळ्या घेतोयस? माझे डोळे गेलेत रे, तुझे कशाने गेले?"

त्याच्या आईने तर लोकांसमोरच त्याला धारेवर धरले. "माझा तीळ पुसलास, मी हसून सोडलं. दिसेल ते पुसायचं, एवढंच शिकलास तू! अरे, वहिनीच्या हातचं होतं ते!"

खरे तर अकरांतले कोणते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते, आणि मी त्याच्या गळ्यात मुका लटकलो होतो.

त्यानंतर मामा त्याच्याशी बोलेनासे झाले. भाच्याने बक्षिसाचा चषक दुकानातल्या कपाटामागे टाकला आणि तो रोज सकाळी दुकान न उघडता तलावावर जायला लागला. एका सकाळी त्याने पिशवीच्या तळाशी बोटे घालून ती चुरगळलेली, चिकट चिठ्ठी शोधून काढली आणि उलगडली. काळ्या पाण्यात पांढऱ्याला तीन खटके खाली. त्याने पहिल्यांदा माझे चाक फिरवले. मला खोटे बोलता येत नाही, त्या तीन खटक्यांनी मला बरे वाटले. पण राग गेला नाही. आठ दिवस गेले. तलावाचे पाणी आटत चालले होते आणि चमचे सतराचे नऊ, नवाचे चार झाले. ते निघाले होते.

नवव्या दिवशी मामा म्हणाले, "मी येतो." बहिणीने घडीची खुर्ची दिली. बांधावर ते काठी दोन्ही हातांत धरून बसले, चेहरा पाण्याकडे. त्यांना पाणी म्हणजे एक फिकट पट्टा दिसत असेल. भाचा त्यांच्याजवळ गुडघ्यावर बसला.

चार चमचे होते. चोची पाण्यात इकडून तिकडे फिरवत ते चिखलातून येत होते. आमच्यापासून चाळीस पावलांवर आले तेव्हा त्यांतला एक उथळ पाण्यात चढला आणि लाल कडे दिसले. तीन खटके आधीच खाली होते. पक्षी समोर, ऊन पाठीवर, सगळे जागच्या जागी. त्याने बटण दाबले.

माझ्या आत काहीतरी फाटले. शटरचा पातळ पडदा दुमडला आणि अडकला. पडद्यावर चूक झाल्याचा नुसता संदेश आला. मी मेलो, मित्रांनो, आणि कधी, तर ज्या एका फोटोसाठी मला जगायचे होते त्याच फोटोला! चोच खाजवणाऱ्या पक्ष्यांवर याने माझे श्वास उधळले नसते तर तेवढा एक श्वास माझ्याकडे नक्की होता. हे मी त्याला कधीही माफ करणार नाही.

"मामा, कॅमेरा गेला," तो म्हणाला. त्याचा आवाज रडवेला झाला होता.

"पक्षी आहे?"

"आहे. कडंपण आहे."

मामांनी चेहरा वळवला नाही. "म्हणजे आता तू सांगशील आणि मी ऐकायचं."

त्या वाक्यातला अविश्वास मलासुद्धा टोचला. मग भाच्याने जे कधीच केले नव्हते ते केले. मला उचलून माझ्या खिडकीला डोळा लावला. माझे शटर मेले होते, पण माझा आरसा आणि भिंग शाबूत होते. दाबायला काही नव्हते, पुसायला काही नव्हते. नुसते बघायचे होते. त्याची पापणी माझ्या काचेला घासत होती. पक्षी चालायचा, थांबायचा, पाय पाण्यात जायचा, पुन्हा वर यायचा.

"अक्षर आहे," तो पुटपुटला. "पण वाचता येत नाहीये. काहीतरी विचित्रच... हे कुठलं अक्षर?" त्याने मान वाकडी केली. मलाही वाकडे केले. मग तो वैतागून म्हणाला, "मामा, हे उलटं आहे! कुणीतरी कडंच उलटं घातलंय!"

मामांच्या हातातली काठी खाली पडली.

"काय म्हणालास?"

"उलटं आहे. खाली डोकं. थांबा, वाचतो... आर. मग चार... दोन. आर बेचाळीस. मामा, आर बेचाळीस!"

मामांनी हाताने चाचपडत भाच्याचा खांदा शोधला आणि घट्ट धरला. मग ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांच्या धुरकट डोळ्यांतून पाणी वाहायला लागले. "चष्मा घरी राहिला होता तिचा," ते म्हणाले. "चष्मा घरी राहिला होता." भाच्याला काही कळेना. पण उलट्या कड्याची गोष्ट जगात तिघांनाच ठाऊक होती आणि भाचा त्यांतला नव्हता. एका फोटोने जे बुडवले होते, ते एका न काढलेल्या फोटोने परत आणले.

थोड्या वेळाने चारही चमचे उडाले. मामांनी विचारले, "कुठल्या दिशेला?" भाच्याने त्यांचा हात धरून त्या दिशेला केला.

त्याच दुपारी पक्षीबाईंना पत्र गेले. दुरुस्तीवाल्याने मला उघडून पाहिले आणि माझे सुटे भाग आता मिळत नाहीत असे सांगितले. म्हणून मी या दुकानात, काउंटरवर, तोंड भाच्याकडे करून बसलो आहे. माझ्या मागच्या भिंतीवर तो बक्षिसाचा फोटो आहे. लाल पेनाने पायात कडे काढून द्यावे असे भाच्याच्या मनात होते. मामांनी त्याला दटावले. "आता घालू नकोस. नाही ते नाहीच दिसू दे तुला, रोज."

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखे कोणीतरी असेल. त्याच्या दोषाला तीन खटक्यांचे औषध द्या आणि त्याचे श्वास उधळू नका. आणि पुसायच्या आधी विचारा. मी विनवत नाही, बजावतो आहे.

काल एक बाई तिच्या वडिलांचा फोटो घेऊन आली होती. भुवईवर जुनी खोक होती. "ही काढून टाका," ती म्हणाली. भाच्याचा हात सवयीने माऊसकडे गेला. मग त्याने वर भिंतीकडे पाहिले, पाण्यातल्या त्या लाल ठिपक्याकडे, आणि हात मागे घेतला.

"ही खोक कशाने पडली, ते आधी सांगाल का?" त्याने विचारले.

बाई खुर्ची ओढून बसली आणि सांगायला लागली.